एकदाच लावायचं गाणं

काजकाकांचं गाणं मी मारलं. दुसरा शब्द मला सुचत नाही, आणि कुणी सुचवलाच तर तो मला नकोय.

मी कॉलर शिवते. शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे आमचा. एका हॉलमध्ये बावीस मशीन, आणि अकरा वर्षं मी त्याच खिडकीपाशी बसून कॉलरी शिवतेय. माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात, ते खरं आहे. दुसरं असं म्हणतात की हिला एखादं गाणं आवडलं, की त्या गाण्याचं काही खरं नाही. तेही खरंच आहे. सोमवारी गाणं कानावर पडलं आणि आवडलं, की मी ते मोबाइलवर घालून घेणार. मग भाजी चिरताना तेच, भांडी घासताना तेच, बसथांब्यावर कानात तेच. बुधवारी ते तोंडपाठ. शुक्रवारी मधल्या तुकड्यात जांभई यायला लागते. पुढच्या सोमवारी कुणी तेच लावलं तर मीच खेकसते, बंद करा ते, कान किटले. माझी लेक म्हणायची, "आई, तू गाणी ऐकत नाहीस, संपवतेस." यावर आम्ही दोघी खूप हसायचो. आता हसत नाही.

आमच्या हॉलमध्ये एरवी ज्याचं गाणं त्याच्या कानात असतं. पण शनिवारी चार वाजता सगळी मशीन बंद होतात. खालचा कचरा काढायचा, दोऱ्यांची गुंतवळ काढायची, तेल घालायचं, असा दीड तास. त्या वेळात कटिंग मास्टर आपला जुना टेपरेकॉर्डर कपाटातून काढतात. त्याला मोबाइलची वायरही लागते आणि त्यात कॅसेटही चालते. प्रत्येकाला एक गाणं, ओळीनं, दारापासून सुरुवात. एकाच्या वर दुसरं मागितलं की मास्टर कात्री दाखवतात. मी अकरा वर्षांत किमान शंभर वेळा दुसरं मागितलं असेल आणि शंभर वेळा कात्री पाहिली असेल.

सगळ्यात शेवटी पाळी काजकाकांची. शर्टाला काज करायची आणि बटणं लावायची, हे त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना काजकाकाच म्हणत. साठी उलटलेली, आवाज मऊ, आणि माणूस इतका भिडस्त की कुणी चहा पुढे केला तर नको म्हणता येत नाही म्हणून दिवसातून सहा वेळा चहा प्यायचे. पोटाला बाधायचा तरी प्यायचे. मी त्यांच्या कपातला चहा ओतून द्यायची कितीदा, ते बघत नसताना.

त्यांचं गाणं कॅसेटवर होतं. बटणांच्या डब्यांच्या ड्रॉवरमध्ये, पांढऱ्या अस्तराच्या तुकड्यात गुंडाळलेलं. पाळी आली की ते हात धुऊन पुसून यायचे, कॅसेट घालायचे आणि टेपरेकॉर्डरच्या शेजारी डोळे मिटून उभे राहायचे. रेडिओवरून कधीकाळी उतरवून घेतलेलं गाणं. सुरुवातीची अर्धी ओळ गायबच. मग भरपूर खरखर, आणि त्या खरखरीतून एक बाई नावाड्याला सांगतेय की जरा थांब, माझं माणूस अजून यायचंय. चाल अशी की पायातला ठेका थांबवता येत नाही. शेवटी एक मोठा 'टक्' असा आवाज व्हायचा आणि संपायचं. तो टक् झाला की काका जरासे हसायचे, डोळे उघडायचे, कॅसेट परत अस्तरात गुंडाळून ड्रॉवरला कुलूप लावायचे. दर शनिवारी अगदी असंच.

"पुन्हा लावू का काका? मास्टरांना मी बघून घेते," असं मी किती वेळा म्हटलं असेल. ते म्हणायचे, नको, एकदाच. मला वाटायचं, भिडस्तपणा. एकदा विचारलं, घरी लावत नाही का? तर म्हणाले, घरी टेप नाही. बिचारे, आठवड्यातून एकदाच ऐकायला मिळतं म्हणून मी हळहळले. का नाही, हे काही मी विचारलं नाही. तेवढं विचारलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू बराच पिकला होता. तीन आठवडे रजा. बदली माणसाला बटणांचे डबे लागणार म्हणून ड्रॉवरची किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली. मास्टरांकडे नाही, माझ्याकडे. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

पहिला शनिवार आला. ओळीनं गाणी झाली आणि शेवटी काकांच्या पाळीला सगळे गप्प. मास्टरांनी टेप बंद केला. तेव्हा मला अवदसा आठवली. वाटलं, तिकडे तो माणूस डोळ्याला पट्टी बांधून पडलाय, टीव्ही नाही, पेपर नाही, आणि त्याचं एकुलतं एक आवडतं गाणं इथे कुलपात. मी ड्रॉवर उघडला. कॅसेट पर्समध्ये घातली आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्तीवाला बसतो त्याच्याकडे नेली. त्याच्याकडे जुनी यंत्रं असतात. त्यानं ऐकलं आणि विचारलं, "ताई, ही खरखर काढून टाकू? आणि शेवटी कसलातरी खटका वाजतोय, तोही?" मी म्हटलं, सगळं काढा, गाणं कसं लख्ख झालं पाहिजे. त्यानं एवढासा स्पीकरही दिला, त्यातच गाणं भरून. बटण दाबलं की सुरू, संपलं की आपोआप पहिल्यापासून. एकदा चार्ज केलं की दिवसभराची निश्चिंती, असं तो म्हणाला.

कॅसेट सोमवारी जागच्या जागी ठेवली. आणि आता खोटं कशाला बोलू, तो स्पीकर काकांकडे न्यायच्या आधी मी तो पाच दिवस माझ्या खिडकीत ठेवला. गाणं लख्ख झालं होतं ना. अकरा वर्षांत ते मला एकदाच्या वर कधी मिळालं नव्हतं, मी तुटूनच पडले त्याच्यावर. सोमवारी सगळा हॉल गुणगुणत होता, बाह्या लावणाऱ्या बायका ठेक्यावर पाय मारत होत्या. बुधवारी ओव्हरलॉकवाली म्हणाली, पुरे की गं. गुरुवारी मास्टर कात्री घेऊन खिडकीशी आले. शुक्रवारी मी स्वतःच बंद केलं. जीव विटला होता. त्यातल्या नावाड्यानं एकदाचं त्या बाईला सोडून जावं असं वाटायला लागलं होतं. म्हणजे काकांना मी जे नेऊन दिलं ते माझं खाऊन उरलेलं होतं. मला मात्र तेव्हा तसं वाटलं नाही. वाटलं, काय छान काम करतोय आपण.

ते मुलगा-सुनेबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहायचे. लिफ्ट नाही. मी धावतच जिने चढले, दारात पोचले तेव्हा धड बोलता येईना. काका खुर्चीत बसले होते, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं आधीपासूनच फारसं दिसत नव्हतं. मी काही न सांगता पिशवीतून स्पीकर काढला आणि बटण दाबलं.

पहिली अर्धी ओळ गाळून गाणं सुरू झालं. काकांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. डोळा मिटला. मला भरून आलं. गाणं संपलं, आणि टक् न होता लगेच पहिल्यापासून लागलं. तेव्हा ते दचकले.

"एकदाच पुरे गं," ते म्हणाले. "बंद कर आता."

"छे, आता एकदाच कशाला? आता तुमच्या घरात आहे ते. दिवसभर ऐका."

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सूनही आनंदली. बाबा नुसते भिंतीकडे बघत बसतात, आता विरंगुळा झाला, म्हणाली. ती आणि मुलगा दोघंही सकाळी कामावर जायची ती संध्याकाळी परत. मी म्हटलं, जाताना लावून जात जा. आणि उंचावर ठेवलं की आवाज छान घुमतो म्हणून मीच खुर्ची घेऊन तो कपाटाच्या माथ्यावर नेऊन ठेवला. डॉक्टरांनी काकांना वाकायचं नाही, चढायचं नाही, असं बजावलेलं होतं. हे मला माहीत होतं. माहीत होतं आणि तरी मी तो तिथे ठेवला.

तीन आठवड्यांनी काका कामावर आले. नजर सुधारली होती, पण चेहरा उतरलेला. मी किल्ली दिली. ती खिशात घालून ते कामाला बसले. शनिवारी चार वाजले, मशीन बंद झाली, ओळीनं गाणी झाली. काकांची पाळी आली. ते बटणं निवडत बसले होते तसेच बसून राहिले.

"माझी पाळी आज दुसऱ्या कुणाला तरी द्या," ते मास्टरांना म्हणाले.

पुढच्या शनिवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. मग माझ्या नाकावरचा राग जागा झाला. मी एवढं केलं, एवढ्या हौसेनं केलं, आणि यांनी एक शब्द म्हणून बोलू नये? मशीन पुसायचं फडकं आपटलं आणि त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, काका, माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा, हे असं फुगून बसू नका. फुगून, असा शब्द मी वापरला. वडिलांच्या वयाच्या माणसाला.

त्यांनी मला शेजारच्या स्टुलावर बसवलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं, आणि मग सांगितलं.

लग्नानंतर ते आणि काकू एका खोलीत राहायचे. हे गाणं तेव्हा रेडिओवर कधीमधी लागायचं आणि काकूंना फार आवडायचं. त्यांनी कुणाचा तरी टेप मागून आणला आणि रोज रेडिओपाशी दबा धरून बसल्या. एके दिवशी लागलं. बटण दाबायला जरासा उशीर झाला, म्हणून अर्धी ओळ नाही. काका तेवढ्यात बाहेरून आले आणि काही बोलणार, तर काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. गप्प. आवाज आत जाईल. एक हात टेपच्या बटणावर आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर, अशा त्या सबंध गाणंभर उभ्या होत्या. हसू दाबून धरलेलं. काका दारात चप्पल हातात धरून तसेच. गाणं संपलं, काकूंनी बटण दाबलं, टक्. मग बोट खाली घेतलं आणि पोटभर हसल्या.

"ती जाऊन एकोणीस वर्षं झाली," काका म्हणाले. "चेहरा आठवत नाही गं आता मला. फोटोतला आठवतो, तिचा नाही आठवत. पण गाणं लागलं की ती तशी उभी राहायची. बोट ओठांवर. आणि टक् झालं की हसायची. म्हणून एकदाच लावायचो. घरी टेप ठेवला असता तर मला राहवलं नसतं."

 खरखर काढा, खटकाही काढा, हे मीच सांगितलं होतं. 

"त्या स्पीकरमध्ये टक् नव्हतं ना," ते पुढे म्हणाले, अगदी शांतपणे, काजाचं माप समजावून सांगावं तसं. "त्यामुळे तिला बोट खाली घ्यायलाच मिळेना. दोन दिवस तशीच उभी होती बिचारी. तिसऱ्या दिवशी नुसतंच गाणं राहिलं. मग ते गाणंही राहिलं नाही, कपाटावर काहीतरी वाजतंय, एवढंच."

मी विचारलं, सुनेला बंद करायला का नाही सांगितलं? तर म्हणाले, ती रोज जाताना म्हणायची, बाबा, तुमचं गाणं लावलंय हं. आणि तू तीन जिने चढून आणलेलं. नको कसं म्हणू?

सहा कप चहा पिणारा माणूस, मला हे कळायला नको होतं?

त्या दिवशी मी घरी गेले ती लेकीपुढे रडले. तिला सगळं सांगितलं. ती माझी समजूत काढायला लागली, म्हणाली, तुला काय माहीत, तू चांगल्या मनानं केलंस. मला ते चांगलं मन ऐकवेना. चांगल्या मनाच्या आड माझी हाव होती. काकांना गाणं द्यायच्या निमित्तानं मला ते हवं होतं. मग मी तिला विचारलं, आपण असं का करतो गं, एकच गाणं विटेपर्यंत का लावतो? ती म्हणाली, पुढे काय येणार ते माहीत असलं की बरं वाटतं म्हणून. असेल. मला वेगळं वाटतं. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काहीतरी येतं, ते परत यावं म्हणून आपण पुन्हा लावतो. येतं, पण जरा कमी. मग ते जरा भरून काढायला पुन्हा. असं करत करत तळ गाठतो आणि गाण्यालाच नावं ठेवतो. माझ्या गाण्यांच्या तळाशी काही नव्हतं म्हणून मला चालून गेलं. त्यांच्या गाण्यात माणूस होतं.

सोमवारी मी काकांचे पाय धरायच्या बेतात गेले. त्यांनी धरू दिले नाहीत. उलट मलाच धीर दिला. कापडाचं नवं थान आलं की मास्टर लगेच कापत नाहीत, उलगडून ठेवतात, ताण जाऊ देतात. तसं गाणं ठेवून देऊ, म्हणाले. काही महिने कुणी लावायचं नाही. येईल कदाचित ती परत.

त्या 'कदाचित'वर माझा जीव टांगणीला लागला. मी माझ्या मोबाइलवरून गाणं पुसलं. सुनेकडून स्पीकर परत आणला आणि दुरुस्तीवाल्याला त्यातलं गाणं काढायला लावलं. हॉलमध्ये सगळ्यांना दम भरला की काकांची चाल कुणाच्या तोंडून ऐकली तर माझ्याशी गाठ आहे. बाह्यांवाल्या बायका कातावल्या, गुणगुणायचीही चोरी का, म्हणाल्या. पण ऐकलं त्यांनी. सगळ्यात वाईट खोड माझीच निघाली. कॉलर पालथी करताना, टोक काढताना, नकळत माझ्या घशात तीच चाल यायची. मी जीभ दातांत धरायची. एकदा रक्त आलं. काकांनी मान वर केली नाही, पण त्यांनी ऐकलं असणार. शनिवारी मी माझं गाणंही मागायची बंद झाले.

असे सात महिने गेले. ऑपरेशन होऊनही बारीक दोरा दिसेना, म्हणून काकांनी काम सोडायचं ठरवलं. शेवटचा शनिवार आला. मशीन बंद झाली, तेलपाणी झालं, ओळीनं गाणी झाली. काकांची पाळी आली तसा त्यांनी ड्रॉवर उघडला. हात धुऊन पुसून आले. अस्तराचा तुकडा सोडला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, लावू या, बघू.

 बावीस जणांत एकाचा पाय हलला नाही. खरखर सुरू झाली, अर्धी ओळ गेली, ती बाई नावाड्याला थांब म्हणायला लागली. काका नेहमीसारखे डोळे मिटून उभे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मनात एकच घोकत होते, येऊ दे, एवढ्या एकदा येऊ दे, मी जन्मात पुन्हा गाणं लावणार नाही. मधल्या तुकड्यात त्यांच्या भुवया जरा वर गेल्या. माझ्या जिवात जीव आला. मग गाणं संपलं. टक्.

ते हसले नाहीत. डोळे उघडले आणि कॅसेट काढायला वाकले.

मला राहवलं नाही. "काका, दिसल्या का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलावं का, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेलेला मला दिसला. मग ते म्हणाले, "तू दिसलीस. दारात उभी, दम लागलेला, हातात पिशवी. किती आनंदात होतीस गं तू."

मला बरं वाटावं म्हणून ते असं म्हणाले. खरंच त्यासाठीच.

मग त्यांनी कॅसेट अस्तरात गुंडाळली, चारी कडा नीट दुमडल्या आणि माझ्या हातात ठेवली. "तुझ्याकडेच असू दे आता," म्हणाले. मला नको म्हणता आलं नाही.